रॅम नंतर घे, आधी चार्जर बघ

अरे भिया, गेम अडकतो म्हणून लगेच रॅम घ्यायला धावू नकोस. खेळताना चार्जर कुठला लावतोस ते आधी सांग. गेमिंग लॅपटॉपला १८० किंवा २३० वॅटचा विटेएवढा अडॅप्टर येतो. तो जड म्हणून घरी ठेवून ६५ वॅटच्या टाइप-सीवर खेळलास, तर ग्राफिक्स कार्ड अर्धपोटीच राहणार. नुसत्या बॅटरीवर तर विचारूच नकोस.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी. तिथे पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ कर. बॅटरी सेव्हर (नव्या आवृत्तीत ‘एनर्जी सेव्हर’) बंद. कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तर त्यातला परफॉर्मन्स मोडही लाव. पंख्याचा वेग आणि वॅट बहुधा तिथूनच ठरतात, त्यामुळे खरा फरक तिथे दिसतो.

आता आपल्या इंदूरची गोष्ट. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग पाडतो. अशा वेळी मी उलटं करतो: कंट्रोल पॅनेलमधल्या जुन्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के. बहुतेक लॅपटॉपमध्ये एवढ्यानं टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा धाव, बंद होते. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) थोडे कमी, पण झटके नाहीत. (काही नव्या मशीनमध्ये हा पर्याय दिसतच नाही.)

आणि गादीवर ठेवून खेळू नकोस, खालची हवा कोंडते. मी आईचा जेवायचा पाट पळवलाय. पंगत असली की तेवढा परत द्यावा लागतो.