एल्कसाठी मांसाच्या पिशव्या घेताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघतोयस, तर बंदुकीइतकाच विचार पिशव्यांचा कर. मोठा नर पडला की हाडं काढूनही 80-90 किलो मांस निघतं, आणि ते पाठीवर वाहून आणायला तीन-चार खेपा लागतात. तोवर मांस टिकवायचं काम पिशवीचं.

मोज्यासारखी ताणणारी स्वस्त जाळी घेऊ नकोस. पहिल्या वर्षी मी तीच नेली होती. दुपारी परत आलो तर एका फऱ्यावर माशांनी जाळीतूनच अंडी घातलेली, तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके. तेवढा भाग कापून टाकताना फार जीव तुटला. सुती पिशवी चांगली, पण रक्त पिऊन जड होते आणि लवकर वाळत नाही. म्हणून घट्ट विणीची, हवा खेळणारी पॉलिएस्टरची घे. पाचांचा संच साधारण अर्धा-पाऊण किलोत बसतो. शिवण दुहेरी आहे ना, ते ओढून बघ. रंग पांढरा किंवा भडक, म्हणजे अंधारात बॅटरी मारली की झाडीत सापडते.

प्लॅस्टिकची पिशवी डोंगरावर अजिबात नको. आत ऊब कोंडते आणि मांस हाडाजवळून नासायला लागतं. पिशव्या उत्तरेकडच्या उतारावर, सावलीत, वारं लागेल अशा टांग. हाडं काढणार असशील तर पिशव्या लहान घे, एकीत 20 किलोच्या वर भरू नकोस. नर की मादी हे ओळखू येणारा अवयव मात्र एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू दे, तिथला नियमच आहे.

घरी आल्यावर पिशव्या आधी गार पाण्यात भिजव. गरम पाण्याने डाग पक्का बसतो.