गायकवाड आडनावाचे सगळे बडोद्याच्या राजघराण्यातलेच असतात का?

नाही, अजिबात नाही. बडोद्याचे सयाजीराव (तिसरे) गायकवाड होतेच, पण नाशिकच्या 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले कर्मवीर दादासाहेबही गायकवाडच. माझ्या मते या आडनावाची ओळख सांगताना आधी त्यांचं नाव घ्यायला हवं. दुर्दैवाने ते मागेच राहतं.

क्रिकेटमध्ये दत्ताजीराव आणि त्यांचा मुलगा अंशुमन, दोघेही भारताकडून कसोटी खेळले. आता ऋतुराज आहे. आणि रजनीकांत? बंगळुरात मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

माणसंच कशाला, पुण्यातला केसरीवाडा आधी गायकवाड वाडा म्हणून ओळखला जायचा. टिळकांनी तो बडोद्याच्या महाराजांकडून घेतला. बडोद्याजवळच्या डभोईची छोटी (नॅरोगेज) रेल्वेसुद्धा गायकवाड बडोदा स्टेट रेल्वेची होती. बडोद्याहून 1916 पासून निघालेली संस्कृत ग्रंथांची माला ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’ याच नावाची.

तेव्हा कुणी गायकवाड भेटले तर ‘बडोद्याचे का?’ असं विचारण्याऐवजी ‘गाव कोणतं?’ विचारा.