भोवत्याची नोंद

सोलापूर,
संक्रांतीच्या आधीचा मंगळवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पक्षी बघून झाल्यावर हिप्परगा तलावाच्या बांधावर चहा घेताना तू एकदम गप्प झालीस, ते माझ्या मनातून जात नाही. सगळे आपापलं सांगत होते. कुणी उजनीच्या धरणावरचे रोहित (फ्लेमिंगो), कुणी वीस वर्षांपूर्वीचे करकोचे. तुझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, "मला भोवत्या दिसला, तो शिकारी पक्षी." कुणीतरी लगेच विचारलं, "फोटो आहे का?" तू नाही म्हणालीस आणि मग खाली बघून कप फिरवत बसलीस. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हल्ली तो प्रश्न आपोआप तोंडात येतो. पण त्याच्या आधी तू जे सांगितलं होतंस ते कुणी नीट ऐकलंच नाही. मी ऐकलं.

तू म्हणालीस, "पाण्यावर पसरलेले सगळे काळे वारकरी पक्षी एकदम एका जागी गोळा झाले, म्हणून मी वर बघितलं." मग म्हणालीस, तो पाणकणसाच्या बेटावरून अगदी खालून, डुलत डुलत गेला, पंख थोडे वर उचललेले होते, अंग काळपट तपकिरी आणि डोकं "मळक्या सायीसारखं". बाळ, दलदलीवर फिरणाऱ्या भोवत्याची मादी याहून नेमकी कुणी सांगितलेली मला आठवत नाही. घार असती तर पंख सपाट दिसले असते, शेपटीला खाच दिसली असती. आणि वारकरी घारीला एवढी भीक घालत नाहीत. भोवत्या आला की मात्र ते अंगाला अंग लावून एकत्र येतात, म्हणजे त्याला एकटा कुणी उचलता येत नाही. तुझी साक्ष त्या वारकऱ्यांनीच दिली होती. फोटोत नुसता पक्षी आला असता, वारकऱ्यांचं घाबरणं आलं नसतं.

मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, हे तुला माहीत आहे. बार्शीची गाडी असो की तुळजापूरची, खिडकीतून पक्षी दिसायचे. तुळजापूरच्या गाडीला हिप्परगा आला की मी दाराशी उभा राहायचो. दुर्बीण नव्हती, ती फार नंतर घेतली, आठ बाय चाळीसची, आजही तीच गळ्यात असते. सुरुवातीला मी काहीच लिहीत नव्हतो. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरताना पेन्सिल हातात असायची, कानावरून काढायची आणि पुन्हा कानावर ठेवायची. एवढी पेन्सिल जवळ असून लिहिलं नाही, त्याची एक गोष्ट तुला सांगायची आहे.

बार्शीच्या रस्त्यावर नान्नजच्या अलीकडे, थंडीतली सकाळ. ज्वारी काढलेल्या रानात धसकटं उभी होती. ड्रायव्हरने गाडीचा वेग कमी केला. बांधापलीकडून एक मोठा पक्षी चालला होता, मान सरळ, चोच किंचित वर, घाई नाही. पुढच्या सीटवर एक म्हातारा धनगर होता, तो म्हणाला, "हूम हाय." सगळी गाडी त्या बाजूला वाकली. दोन मिनिटं गेली असतील. मग ड्रायव्हरने गिअर टाकला आणि मी पुढची तिकिटं पंच करायला लागलो. तो मी पाहिलेला शेवटचा माळढोक. शेवटचा आहे हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं. आज कुणी विचारलं की साल कोणतं, तर मी कधी चौऱ्याऐंशी म्हणतो, कधी शहाऐंशी. नर होता की मादी, ते आता सांगता येत नाही. अंगावरचा पांढरा रंग आठवतो, पण तो मी नंतर पाहिलेल्या चित्रांतून आत आला आहे की काय, अशी शंका येते.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. त्या काळी माळावर पावसाळ्यात नराचा तो घुमणारा आवाज ऐकलेली माणसं अजून आहेत, हूम हे नाव त्या आवाजावरूनच आलं. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले, कालवे आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. आता देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास पक्षी उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आज नान्नजला जाऊन माळढोक दिसेल ही आशा फार थोडी. माझ्यासारख्या किती कंडक्टरांनी, ड्रायव्हरांनी, गुराख्यांनी तो पाहिला असेल! आम्ही लिहिलं असतं तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण कोणत्या रानात, कोणत्या महिन्यात, किती, हे तरी उरलं असतं. आता उरलंय ते माझं "चौऱ्याऐंशी की शहाऐंशी".

म्हणून वही कर. साधी, शंभर पानी, खिशात मावेल अशी. आणि लिहायचं ते जागेवरच, घरी येऊन नाही. घरी येईपर्यंत दहाचे पंधरा होतात आणि वाटलेलं पाहिलेलं होऊन बसतं. मी तीन शब्द वापरतो: पाहिलं, ऐकलं, वाटलं. तुझा भोवत्या "पाहिलं"मध्ये जातो. त्याच दिवशी पलीकडच्या काठावरून टिटवीसारखं काहीतरी ओरडलं ते माझ्या वहीत "ऐकलं" असं आहे. आणि लांबवर जी बदकं होती ती थापट्या असावीत, पण ऊन डोळ्यांवर होतं, म्हणून "वाटलं". "वाटलं" लिहायची लाज धरू नकोस. चहाच्या वेळी जो माणूस "मला नक्की कळलं नाही" म्हणतो, त्याच्या बाकीच्या नोंदींवर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो.

पाणी कुठपर्यंत आहे ते दर वेळी लिही. ही सवय मला उशिरा लागली आणि त्याची हळहळ वाटते. आपल्याकडे पाऊस थोडा आणि त्यातला जोर सप्टेंबरचा. तलाव तेव्हाच भरतात. एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगाच, काठोकाठ असला की तुतवार, शेकाटे, पाणटिवळे यांना पाय टेकायला चिखलच मिळत नाही, ते येतात आणि निघून जातात. बदकांची मात्र चंगळ असते. मग पाणी ओसरत जातं, काठाला ओला गाळ उघडा पडतो, की चिखलातले पक्षी उतरतात आणि त्याच गाळात लोक पेरणीही करतात. दुष्काळी सालात पाणी मधल्या डबक्यापुरतं उरतं आणि सगळे पक्षी तिथे दाटीवाटीने दिसतात. नवखा माणूस म्हणतो, "यंदा पक्षी खूप!" पक्षी खूप नसतात, पाणी थोडं असतं. वहीत पाण्याची खूण नसेल तर दहा वर्षांनी तो आकडा वाचणारा फसेल. मी खूण म्हणून बांधाच्या दगडी पायऱ्या धरतो, पाण्याबाहेर किती दिसतात ते मोजतो. तू तुझी खूण ठरव, पण एकदा ठरवली की बदलू नकोस.

थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोज. ते दहा डोळ्यांत किती जागा घेतात ते बघ आणि तेवढा तुकडा थव्यावर ठेवत जा. दोनदा मोज. दोन्ही वेळचा आकडा लिही, सरासरी काढू नकोस. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून चालू आहे, त्यात अशाच साध्या माणसांनी मोजलेले आकडे जातात. आणि वारकरी, टिबुकली, वंचक, हळदीकुंकू बदक या रोज दिसणाऱ्या पक्ष्यांनाही सोडू नकोस. आमच्या वह्यांमधलं मोठं भगदाड तेच आहे. पट्टकादंब आले की मी तारखेसकट लिहायचो, हिमालय ओलांडून येणारा पक्षी म्हणून भारावून जायचो. वारकरी किती होते? "भरपूर." माझ्या दहा वर्षांच्या वह्यांत वारकऱ्यांपुढे "भरपूर" लिहिलंय. आता कंबर तलावावर ते कमी झाले असं मला वाटतं, जलपर्णीने उघडं पाणी झाकलं की त्यांना बुड्या मारायला जागा राहत नाही, कमळपक्ष्याला मात्र तिच्यावरून चालता येतं. पण "वाटतं"च्या पुढे मला जाता येत नाही. कुणाशी बोलायला जायचं तर हातात आकडा नाही. आणि ज्या दिवशी काही दिसलं नाही, त्या दिवशीही पान रिकामं सोडू नकोस. "दोन तास, रोहित नाही, चक्रवाक नाही" असं लिही.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला अजूनही अवघड होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका तलावाच्या आटलेल्या पात्रात शेकाट्यांची घरटी सापडली. जमिनीतल्या खळगीत चार अंडी, मातीच्याच रंगाची. मी लांबून तासभर बघितलं. पक्षी पाण्यात जायचा, पोटाची पिसं भिजवायचा आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर उभा राहायचा. सोलापूरचं ऊन तुला माहीत आहे. अंडी उबवायची नव्हती, थंड ठेवायची होती. मला इतका आनंद झाला की पुढच्या बैठकीत मी जागा सांगितली, वाट, बाभळीचं झाड, सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी तिथे माणसंच माणसं. सगळी पक्ष्यांवर प्रेम करणारी. प्रत्येकजण थोडाच वेळ थांबला, पण एक गेला की दुसरा. पक्षी वर घिरट्या घालत ओरडत राहिले, खाली उतरले नाहीत. संध्याकाळी मी गेलो तेव्हा अंडी होती तशीच होती, हात लावला तर गरम. त्यातून काही निघालं नाही. ती चूक माझी होती, बघायला आलेल्यांची नाही.

तेव्हापासून घरट्याची गोष्ट मी पिल्लं उडून गेल्यावरच सांगतो. तूही तसंच कर. कुणी कितीही जवळचा असो, रुसला तरी चालेल.

आणखी एक. तुझ्या घरी तेलुगू बोलतात. आजीला बस आणि विचार, लहानपणी गावाकडे कोणते पक्षी होते, त्यांना काय म्हणायचे. माळढोकाला तेलुगूत बट्टमेका म्हणतात, अक्कलकोटच्या बाजूचे माझे कानडी बोलणारे सोबती एरेभूत म्हणायचे, काळ्या रानातलं भूत. तीन भाषांत नाव आहे म्हणजे तीन भाषांतल्या माणसांनी तो रोज पाहिला होता. आपल्या सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत रानातल्या माणसांकडून असे शब्द गोळा करत राहिले. बगळे-करकोचे एकत्र घरटी करतात त्या जागेला सारंगागार म्हणायचं, हे आम्ही त्यांच्यामुळे शिकलो. २०२५च्या जूनमध्ये ते गेले, तेही इथेच, सोलापुरात. राज्यात पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला सुरू होतो तो त्यांच्या जन्मदिवशी आणि १२ला संपतो तो सालिम अलींच्या. हिप्परग्याला जाळं टाकणारे मासेमार तुला रोज दिसतात. त्यांच्याशी बोल. पाण्यावर ते आपल्याआधी येतात आणि आपल्यानंतर जातात. फक्त त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत लिही, आपल्या पुस्तकातलं नाव त्यावर चिकटवू नकोस.

म्हाताऱ्यांच्या आठवणी ऐकताना वही उघडी ठेव, माझ्यासुद्धा. आम्ही सांगतो ते खोटं नसतं, पण तीस वर्षांत थवे मोठे होतात. साल विचार, महिना विचार, "तेव्हा ज्वारी उभी होती की काढलेली?" असं विचार. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे यायचे आणि रानात माळ्यावर उभं राहून पोरं गोफण फिरवायची, हे मी शंभरदा सांगितलंय. त्यातून महिना तरी पक्का निघतो. असं विचारल्यावर कुणी चिडत नाही, उलट आठवण जागेवर येते.

येत्या रविवारी सहाला तुळजापूर नाक्यावर ये. स्वेटर घाल, बांधावर वारा झोंबतो. चहाच्या वेळी पहिली तू बोलायचंस, वहीतून वाचून. मी शेजारी बसेन.

तुझ्या भोवत्याची नोंद मी माझ्या वहीत करून ठेवली आहे. "हिप्परगा. दलदलीवरचा भोवत्या, मादी, एक. पाणकणसाच्या बेटावरून पूर्वेकडे. वारकरी गोळा झाले. डोकं मळक्या सायीसारखं." पाहणारी म्हणून तुझं नाव घातलं आहे. वेळ पावणेसात लिहिली आहे, पण मी तेव्हा खाली गाडीजवळ होतो. तुझ्या हिशेबाने सात असेल तर कळव, खोडून दुरुस्त करतो.

तुझा,
काका