पाण्यात बुडालेल्या लाकडावरची बुरशी ओळखावी कशी?

प्रश्न : ओढ्यात बुडून राहिलेल्या फांद्यांचे काही तुकडे मी आणले आणि ओलसर कागद अंथरलेल्या बंद डब्यात ठेवले. तीन आठवड्यांनी एका तुकड्यावर पिवळसर हिरवी लव आली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले दिसतात. दुसऱ्या तुकड्यावर लाकडात अर्धे रुतलेले काळे ठिपके आहेत. चित्रांशी ताडून पाहिले, तर दोन-दोन, तीन-तीन नावे जुळतात. नेमके नाव कसे ठरवावे? शिवाय, कुजक्या लाकडावर एरवी उगवतात तशा छत्र्या यांवर का दिसत नाहीत?

उत्तर : छत्र्यांचा प्रश्न आधी घेऊ, कारण त्यातच पुढच्या ओळखीची दिशा आहे. छत्र्या उगवणाऱ्या बुरशींना लाकूड कुजवण्यासाठी हवा भरपूर लागते आणि पाण्याने पूर्ण भिजलेल्या लाकडात प्राणवायू फार कमी पोहोचतो. त्यामुळे तेथे राज्य चालते ते प्रामुख्याने ॲस्कोमायसीट गटातल्या बुरशींचे. ॲस्कस नावाच्या सूक्ष्म पिशवीत, बहुधा आठ-आठ, बीजाणू तयार करणारा हा गट आहे. या बुरशी लाकूड वरच्या थरापासून हळूहळू मऊ करतात आणि पेशीभित्तीच्या आत टोकाशी निमुळत्या होत जाणाऱ्या बारीक पोकळ्या कोरतात. कुजण्याच्या या वेगळ्या प्रकाराला ‘सॉफ्ट रॉट’ हे नाव 1954 साली जे. जी. सेव्हरी यांनी दिले. पुढे पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांतील लाकडावर सापडलेल्या एका नव्या प्रजातीला (जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) 1969 मध्ये त्यांच्याच नावावरून ‘सेव्होरिएला’ म्हटले गेले. तिचा बीजाणू एकदा पाहिला की विसरत नाही : ओळीने चार पेशी, मधल्या दोन तपकिरी आणि टोकांच्या दोन रंगहीन.

आता तुमचे काळे ठिपके. ती बुरशीची फळे आहेत. धारदार पात्याने एक ठिपका उघडून त्यातला गर साध्या पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि पहिले निरीक्षण पाण्यातच करावे, असा माझा आग्रह आहे. लॅक्टोफेनॉलसारखे, स्लाइड तयार करताना वापरायचे द्रव घाईने घातले तर सर्वांत बोलकी खूणच हातची जाते. ॲनिप्टोडेरा ही बुरशी आणि तिच्या नातलगांपैकी अनेकांत बीजाणूच्या दोन्ही टोकांना घट्ट वळलेली टोपी असते. पाणी लागताच ती उलगडू लागते आणि पाहता पाहता तिचे लांब, चिकट धागे होतात. वाहत्या पाण्यात नव्या लाकडाला चिकटण्याची ही सोय आहे. काही बीजाणूंभोवती पारदर्शक लिबलिबीत वेष्टन असते. ते स्लाइडवर शाईचा थेंब सोडला तरच काळ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसते. त्यानंतर ॲस्कस पाहावा. त्याची भिंत दुहेरी असून बीजाणू सोडताना आतली पिशवी बाहेरच्या पिशवीतून वर सरकत असेल, तर बुरशी बहुधा डोथिडिओमायसीट वर्गातली. भिंत एकेरी असेल, तर सॉर्डॅरिओमायसीट वर्गाकडे वळावे. ॲस्कसच्या टोकाशी चमकदार, मोठे कडे असले तर ॲन्युलॅटॅस्कस आठवावा. 1992 साली के. डी. हाइड यांनी ही प्रजाती या कड्यावरूनच ओळखली. पण अशा कड्याच्या कितीतरी बुरशी एकाच कुळात घातल्या गेल्या आणि डीएनए तपासल्यावर त्या अनेक वेगवेगळ्या शाखांत विखुरल्या. एका ठळक खुणेवर विसंबण्यातला धोका यावरून कळतो.

पिवळसर हिरव्या लवेच्या बाबतीत हेच जपावे लागते. गुंडाळलेले बीजाणू परस्परांपासून फार दूरच्या घराण्यांत स्वतंत्रपणे निर्माण झाले आहेत. अशा वेटोळ्यात हवा अडकते, बीजाणू तरंगतो आणि प्रवाहाबरोबर दूर जातो. म्हणून वेटोळे मोजून थांबू नये, ते ज्या देठावर धरले आहे त्याकडे पाहावे. देठ उभा, राठ, तपकिरी असून बीजाणू त्याच्या बाजूंना बारीक दातांसारख्या उंचवट्यांवर आलेले असतील, तर हेलिकोस्पोरियम म्हणायला आधार आहे. देठ फिका आणि जेमतेम वाढलेला असेल, तर हेलिकोमायसीसचा विचार करावा. वेटोळ्याचा धागा किती जाड आहे, त्यात किती आडवे पडदे आहेत, पाण्यात ते सैल होते का, हेही लिहून ठेवावे आणि एक-दोनवर न थांबता पुष्कळ बीजाणू मोजावेत, कारण एकाच देठावरच्या बीजाणूंतही मापे बदलतात.

दोन नावे जुळण्याचे एक कारण तर बुरशीत नसून जुन्या नियमांत आहे. लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना निरनिराळी नावे देण्याची मुभा पूर्वी होती. 2011 च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या मेलबर्न अधिवेशनात ती संपली आणि एका बुरशीला एकच नाव हा नियम झाला. जुन्या चित्रांत मात्र दोन्ही नावे अजून भेटतात.

प्रश्न : मग थेट डीएनए वाचून नाव मिळणार नाही का?

उत्तर : नेहमी नाही. बुरशींची सर्वमान्य ओळखपट्टी म्हणून 2012 मध्ये डीएनएतला आयटीएस हा भाग सुचवला गेला, पण गोड्या पाण्यातल्या लाकडावरच्या कित्येक जाती केवळ आकारावरून वर्णिलेल्या आहेत. ज्यांचा डीएनए संग्रहात नाही, त्यांच्याशी तुमचा नमुना जुळणार कसा? म्हणून एका बीजाणूपासून वाढवलेले शुद्ध संवर्धन (कल्चर) घेऊन आयटीएसबरोबर एलएसयू, टीईएफ-1 आणि आरपीबी-2 हे डीएनएचे आणखी भागही वाचतात आणि ते आकाराच्या नोंदींशी ताडतात. तोवर तुमचा लाकडाचा तुकडा सावलीत वाळवून पाकिटात ठेवावा आणि त्यावर जागा, तारीख, लाकडाची जात आणि पाण्याची खोली लिहावी. जातीची खात्री नसेल तर नुसते प्रजातीचे नाव लिहिणे अधिक प्रामाणिक आहे. काळ्या ठिपक्यांत अजून बीजाणू नसतील, तर डबा बंद करून दर पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. काही फळे पिकायला महिनेही घेतात.