राजीनाम्यावर सही करण्याआधी

"मॅडम, दिवस गेल्याचं ऑफिसात सांगितलं तर नोकरी राहील ना?" बडोद्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वारंवार येतो. विचारणारी बहुधा एकटीच आलेली असते.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, हिशेबाचं काम करणारी ही मुलगी पाचव्या महिन्यात आली. एचआरने सांगितलं होतं, "आत्ता राजीनामा द्या, नंतर परत घेऊ."

"सही केलीत?"

"नाही. सासूबाई म्हणतात, करून टाक, उगाच वाद कशाला."

फसगत होते ती इथेच. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे; पण 'स्वेच्छेने' लिहून दिलेला राजीनामा निघाला की दबाव होता हे सिद्ध करणं जड जातं. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त 8. मूळ कायदा 1961चा होता, 26 आठवडे 2017च्या दुरुस्तीने आले; आता हे नियम 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. रजा कधीपासून आणि पैसे कोणाला द्यायचे, हे लेखी कळवा, प्रतीवर पोच घ्या. प्रसूतीपूर्व काळाचे पैसे आगाऊ मिळतात, उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यावर 48 तासांत. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर पैसे तिथून.

तिने सगळं टिपून घेतलं. चेहरा मात्र तसाच. मला पहिल्या वाक्यापासून शंका होती, म्हणून विचारलं, "नोकरी गेली तर सुटल्यासारखं कोणाला वाटेल?"

बराच वेळ गेला. "मलाच," ती म्हणाली. "रजा संपल्यावर बाळाला कोण बघणार, हे घरात कुणी काढतच नाही."

साऱ्या घराची काळजी एकाच माणसाच्या तोंडून बोलते, असं मी मानते. कायद्यानेही त्याला हातभार लावला आहे: केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला 15 दिवस, खासगीत तेवढीही सक्ती नाही. मग बाळ आईचंच काम ठरतं.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला: रजेनंतरचा पहिला सोमवार, सकाळी 8 ते संध्याकाळी 7, कोणता तास कोणाचा? तो आधी हसला, मग स्वतःच्या शिफ्टचे तास मांडू लागला. दुपारचे चार तास रिकामे राहिले. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे त्यानेच सांगितलं.

मी म्हटलं, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय मालकाने करायची असते, आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं.

"तुमच्याकडे किती माणसं?" त्याने बायकोला विचारलं.

"साठच्या वर."

अर्जात पाळणाघराचा मुद्दा त्यानेच लिहिला.