व्हिशी सरकार आणि ज्यूंचा छळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : फ्रान्स हरलेला देश होता. जर्मन सांगतील ते करण्यावाचून त्या सरकारच्या हाती काय होतं?

ज्यूंविरुद्धचा पहिला कायदा करायला जर्मनांनी सांगितलंच नव्हतं. १० जुलै १९४० रोजी संसदेने ८४ वर्षांच्या मार्शल पेतांच्या हाती सर्वाधिकार दिले. त्यांचं सरकार व्हिशी या गावातून चालत होतं, म्हणून ते व्हिशी सरकार; देशाचा उत्तर भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता, दक्षिण भाग तेव्हा नव्हता. तीन महिनेही झाले नाहीत तोच, ३ ऑक्टोबरला, या सरकारने ज्यूंना सरकारी नोकऱ्या, शिक्षकी पेशा, वृत्तपत्रं, आकाशवाणी, चित्रपट यांतून हद्दपार केलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक कायदा आला : परदेशी ज्यूंना छावणीत डांबण्याची मुभा जिल्हाप्रमुखांना मिळाली. ७ ऑक्टोबरला अल्जीरियातल्या ज्यूंचं १८७० पासूनचं नागरिकत्व काढून घेतलं. अल्जीरियात तर जर्मनांचा अंमलही नव्हता.

पहिल्या कायद्याचा मसुदा २०१० मध्ये उजेडात आला. त्यावर पेतांच्या हस्ताक्षरात दुरुस्त्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच असलेल्या ज्यू घराण्यांना मूळ मसुद्यात सूट होती. ती खोडलेली आहे. ‘नाइलाज होता’ हे म्हणणं मला मान्य नाही, ते यासाठी.

प्रश्न : जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये नेमकं काय झालं? अटका कोणी केल्या?

फ्रेंच पोलिसांनी. पोलिसप्रमुख रने बूस्के यांनी जर्मनांशी बोलणी करून ते मान्य केलं होतं. १९४० च्या शिरगणतीत ज्यूंनी स्वतः जाऊन नावं नोंदवली होती. त्यांचीच पत्ते लिहिलेली कार्डं घेऊन १६ जुलैच्या पहाटे पोलिस दारोदार फिरले. दोन दिवसांत १३,१५२ माणसं पकडली, त्यांत ४,११५ मुलं. कुटुंबं ‘व्हेल दीव्ह’ या सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कोंडली. ऐन उन्हाळा, पाण्याची टंचाई, शौचालयं अगदीच अपुरी. तिथे लोक कित्येक दिवस होते.

आता मुलांविषयी. जर्मनांच्या छावण्यांत पाठवण्यासाठी मागणी सोळा वर्षांवरच्यांची होती. मुलांनाही पाठवावं, असं सुचवलं पंतप्रधान लाव्हाल यांनी. पिथिविए आणि बोन-ला-रोलांद इथल्या छावण्यांत मुलांना आयांपासून ओढून वेगळं केलं. आया आधी गेल्या. मागे राहिलेली पोरं पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीमार्गे ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पोहोचली. त्यांतल्या काहींना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. बहुतेकांचा जन्म फ्रान्समधला होता. ‘आम्ही फ्रेंच ज्यूंना वाचवलं’ असं नंतर म्हणणाऱ्यांनी या मुलांना कुठल्या देशाचं धरलं?

प्रश्न : तरीही फ्रान्समधले तीन-चतुर्थांश ज्यू वाचले. याचं थोडं श्रेय पेतांना नको का?

आकडा बरोबर आहे. सुमारे सव्वातीन लाखांपैकी ७६ हजारांच्या आसपास लोक जर्मनांच्या छावण्यांत पाठवले गेले. परत आले जेमतेम अडीच हजार. व्हिशीने दक्षिणेत पिवळा तारा सक्तीचा केला नाही आणि ऑगस्ट १९४३ मध्ये लाव्हाल यांनी नव्याने फ्रेंच झालेल्या ज्यूंचं नागरिकत्व सरसकट रद्द करायला नकार दिला, हेही खरं. पण तोवर युद्धाचं पारडं फिरलं होतं. वर्षभरापूर्वी, जर्मन सैन्य नसलेल्या दक्षिण भागातून, याच सरकारने सुमारे दहा हजार ज्यू जर्मनांच्या हवाली केले होते.

श्रेय द्यायचं तर ते तुलूझचे आर्चबिशप सालिएज यांना द्या. ज्यू हीही माणसंच आहेत, आपले भाऊ आहेत, असं त्यांचं पत्र २३ ऑगस्ट १९४२ रोजी चर्चमधून वाचलं गेलं. ज्यूंना आसरा देणाऱ्या ल शांबों-स्युर-लिन्यों गावच्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांना द्या. लपवणाऱ्या शेजारणींना, मठातल्या जोगिणींना, खोटे दाखले करून देणाऱ्या कारकुनांना द्या.

प्रश्न : दोषींना शिक्षा झाली का?

लाव्हालना १९४५ मध्ये गोळ्या घातल्या. पेतांची फाशी जन्मठेपेत बदलली. बूस्के मात्र १९४९ मध्ये जवळजवळ मोकळे सुटले आणि बँकिंगमध्ये मोठ्या पदांवर गेले. पुढे पुन्हा खटला उभा राहण्याआधीच, १९९३ मध्ये, त्यांचा खून झाला. फ्रेंच राज्यसंस्थेची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जाहीरपणे कबूल केली ती १६ जुलै १९९५ रोजी. बोर्दोहून ज्यूंची रवानगी करण्यात हात असलेले मोरीस पापों नंतर मंत्रीही झाले. त्यांना १९९८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली आणि २००२ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून सुटका.