आईला थायरॉइड आहे आणि कॅल्शियम ११.२ आलंय, कॅन्सर असेल का?

मी डॉक्टर नाही, दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करतो. असा घाबरलेला प्रश्न काउंटरवर नेहमी येतो, म्हणून लिहितोय.

तुम्ही विचारलंय की आई थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी घेतात, चेकअप कॅम्पमध्ये त्यांचं कॅल्शियम ११.२ म्हणजे जास्त आलं, आणि शेजारच्या काकूंनी थायरॉइडचा पुढे कॅन्सर होतो म्हणून घाबरवलं. आधी काकूंचं बघू. "थायरॉइडचा पुढे कॅन्सर होतो" असं काही नसतं. आईंची थायरॉक्सिनची गोळी ग्रंथी सुस्त झाली म्हणून चालू आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी, त्यावरून कॅन्सर कळत नाही. कॅन्सर असलेल्या कित्येकांचा टीएसएच नॉर्मलच येतो. शंका घ्यायची ती गाठीची. त्यासाठी मानेची सोनोग्राफी, आणि गाठ संशयास्पद दिसली तर सुईची तपासणी. १०० गाठींतल्या नव्वदच्या आसपास साध्याच निघतात.

कॅल्शियमचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि ते सोडू नका. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. थायरॉइडशी त्यांचा संबंध शेजाराचा आणि नावाचा, काम पूर्ण वेगळं. त्यांचं पीटीएच हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातलं प्रमाण राखतं.

पहिल्यांदा टेस्ट रिपीट करा. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, वर "मूठ उघडा, मूठ मिटा" चाललं, की कॅल्शियम खोटं वाढतं. चेकअप कॅम्पच्या गर्दीत हे सर्रास होतं. यावेळी रक्त काढणाऱ्याला पट्टा लवकर सोडायला सांगा आणि सोबत अल्ब्युमिन (कॅल्शियम ज्याला चिकटून असतं ते रक्तातलं प्रथिन) करा. आई डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पावडर महिनोन्‌महिने घेतायत का, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, तेही बघा. दोन्हींनी कॅल्शियम चढू शकतं.

आणि त्याच रक्तातून पीटीएच करा. सगळी मेख इथे आहे. पीटीएच जास्त आलं की लोक हबकतात, खरं तर कॅन्सरच्या दृष्टीने तो बरा रिपोर्ट. बहुतेकदा चारपैकी एका ग्रंथीवर साधी गाठ असते. पॅराथायरॉइडचा कॅन्सर अशा रुग्णांत शेकड्यात एकही नाही. मुतखडे, हाडं ठिसूळ होणं हा त्रास खरा, पण ऑपरेशनने तो आटोक्यात येतो. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच दबलेलं, असं आलं तर डॉक्टर दुसरीकडे शोधतात: डी जीवनसत्त्वाचा अतिरेक, टीबी, मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर), किंवा पीटीएचसारखंच प्रथिन सोडणारा एखादा कॅन्सर.

जुन्या फायली काढा. तीन वर्षांपूर्वीही कॅल्शियम १०.८ वगैरे असेल तर कॅन्सरची शक्यता फार कमी, कारण त्यातलं कॅल्शियम सहसा झपाट्याने चढतं आणि माणूस तोवर उघड आजारी दिसतो.

थायरॉइडचा कॅन्सर आणि पॅराथायरॉइडचा बिघाड खरंच एकत्र येतात ते एमईएन-२ नावाच्या आनुवंशिक आजारात. तो दुर्मिळ आहे. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर किंवा ॲड्रिनलची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची) गाठ झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

थेट परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायची घाई नको, आधी एंडोक्रायनोलॉजिस्टना (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा. रिपोर्ट येईपर्यंत कॅल्शियमची गोळी चालू ठेवायची की नाही, हे आजच फॅमिली डॉक्टरांना विचारा. मधे आईंना खूप तहान, सारख्या उलट्या किंवा गुंगी आली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या.